गमीतली अळंबी

गणपतीला पुण्याहून आलेल्या पुतण्याने बॅगेतून एक बाटली काढली आणि माजघरातल्या फडताळात ठेवली. गौरी गेल्यावर बघतो तर आतल्या गमी, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, एकमेकींना चिकटून त्यांचा एक तांबूस गोळा झालेला. राजापूरकडची भाद्रपदातली हवा ती. जिथे मिठाला पाणी सुटतं आणि पापड दोन दिवसांत सादळतात, तिथे साखरेच्या गोळ्यांची काय कथा! त्याने सुरीने एक लचका तोडला आणि विचारलं, "काका, ह्या दोन झाल्या की तीन?"

त्याने थट्टेत विचारलं, पण मी ते सोडलं नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला की माप विचारायची खोड लागते. बाटलीवर लिहिलं होतं: दहा प्रकारची मशरूम, दोन गमींत मिळून १००० मिलिग्रॅम. खाली तीन शब्द ठळक: फोकस, मेमरी, इम्युनिटी. आईने फक्त हिरवा ठिपका आहे का ते पाहिलं. होता, म्हणजे प्राण्यांच्या जिलेटिनऐवजी फळांतलं पेक्टिन. पुतण्या स्पर्धा परीक्षेला बसतोय. म्हणाला, "घेतल्यापासून अभ्यासात मन लागतं."

अळंबी आम्हाला नवी नाही. आषाढात वारुळाच्या आसपास उगवते ती पानात बांधून रस्त्याकडेला विकायला येते, आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावून केली की मटणाची आठवण काढायची गरज उरत नाही. ही वारुळाची अळंबी खरं तर वाळवीची शेती. वाळवी चघळलेल्या पाल्याचोळ्याचा थर रचून त्यावर बुरशी वाढवते, तीच बुरशी खाते, आणि पाऊस पडला की त्या बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते. वाळवीवाचून ती माणसाला पिकवता येत नाही, म्हणून तिचा भाव तो तसा.

औषधी अळंबीही घरात होती. जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखा कडक, तपकिरी फणसोंबा येतो. आजीच्या बटव्यात त्याचा एक तुकडा असायचा. लाळ फार गळणाऱ्या तान्ह्या मुलासाठी ती तो सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची. पश्चिम महाराष्ट्रातल्या या वापराची नोंद बुरशीशास्त्रज्ञांनीही केली आहे. फणसोंबा म्हणजे फेलिनस जातीची बुरशी. त्याने लाळ खरंच थांबते का, हे कुणी चाचणी घेऊन पाहिल्याचं मला ठाऊक नाही. पण आजीचा दावा एका तक्रारीपुरता होता. तिने फणसोंब्याने पाढे पाठ होतात असं कधी म्हटलं नाही.

बाटलीतली मुख्य नटी आहे लायन्स मेन. थंड मुलखातल्या ओक-बीचसारख्या झाडांवर ती वाढते. दिसायला म्हणाल तर झाडाला कुणी शिरवाळ्यांचा गुच्छ टांगून ठेवलाय. या अळंबीभोवतीचा गाजावाजा अगदीच हवेतला नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या हिरोकाझू कावागिशी यांच्या गटाने तिच्यातून हेरिसिनोन आणि एरिनासिन अशी दोन कुळांतली रसायनं वेगळी काढली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ती टाकली की पेशी 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' नावाचं प्रथिन जास्त बनवतात. चेतापेशी जगवणारं, वाढवणारं हे प्रथिन. त्याच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. हे प्रथिन स्वतः आकाराने मोठं, रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. मग लहान रेणू आत जाऊन मेंदूलाच ते बनवायला लावत असतील तर? कल्पना सुरेख आहे. उंदरांवरचे निकालही उत्साह वाढवणारे आहेत. पण उंदीर एमपीएससी देत नाहीत.

माणसांवरच्या चाचण्या मोजक्या. सगळ्यात जास्त सांगितली जाते ती २००९मध्ये प्रसिद्ध झालेली जपानी चाचणी. ५० ते ८० वर्षांची, विसरभोळेपणा सुरू झालेली ३० माणसं. निम्म्यांना लायन्स मेनच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या, १६ आठवडे. अळंबी घेणाऱ्यांचे स्मृतिचाचणीतले गुण वाढले. गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. दिवसाचा डोस होता सुमारे तीन ग्रॅम सुकी पूड, रोज बारा गोळ्या.

ही झाली आधीच स्मृती मंदावलेल्या म्हाताऱ्यांची गोष्ट. पुतण्याच्या वयाच्या, धडधाकट माणसांचं काय? इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाने २०२३मध्ये १८ ते ४५ वयाच्या ४१ जणांवर १.८ ग्रॅमचा डोस तपासला. एका परीक्षेत 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापून समोर येतो आणि तुम्ही शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. करून बघा, जीभ अडखळते. डोस घेतल्यावर तासाभराने या परीक्षेत लोक थोडे जलद झाले. २८ दिवसांनी ताण कमी वाटत असल्याचा कल दिसला, ठाम निष्कर्ष नाही. बाकीच्या बहुतेक परीक्षांत फरक नाही, एखाद-दुसऱ्या ठिकाणी तर उलटाच. दहा-पंधरा परीक्षा घेतल्या की एखादीत योगायोगानेही पास होता येतं, हे कुठल्याही मास्तरला सांगावं लागत नाही. संशोधकांनी स्वतः संयमाने लिहिलंय. जाहिरातीत मात्र तेवढी एकच परीक्षा उरते.

आता माप. शाळेच्या तराजूवर एक गमी भरली साडेतीन ग्रॅम. दोन गमींत दहा मशरूमची मिळून १००० मिलिग्रॅम, म्हणजे सगळी सारखी धरली तर लायन्स मेनच्या वाट्याला शंभर. जपानी चाचणीतले तीन ग्रॅम गाठायला साठ गमी लागतील. बाटलीत साठच आहेत. रोज एक बाटली! आणि लेबलानुसार दोन गमींत चार ग्रॅम साखर, म्हणजे दिवसाला १२० ग्रॅम साखर वर.

पुतण्याने लगेच पकडलं, "काका, हा अर्क आहे, पूड नाही." बरोबर आहे. दहा किलो मशरूमपासून एक किलो अर्क काढला असेल तर शंभर मिलिग्रॅम म्हणजे एक ग्रॅमच्या बरोबरीचं, असा दावा करता येतो. पण अर्क पाण्याने काढला की अल्कोहोलने, यावर त्यात काय उतरलं ते ठरतं. हेरिसिनोन तेलकट स्वभावाचं, ते पाण्यात फारसं येत नाही. पाण्यात येतात ती शर्करांच्या लांब साखळ्यांची रसायनं. चहा आणि चहाची पावडर एकच म्हणण्यासारखं झालं हे. शिवाय दहातली कुठली किती, ते लेबलावर नव्हतंच. 'विशेष मिश्रण' म्हटलं की काम झालं.

त्याच्याही मागे एक प्रश्न आहे: मशरूमचा कुठला भाग? आपण खातो ती छत्री म्हणजे फळ. खरी बुरशी म्हणजे आत पसरलेलं पांढरं जाळं. कारखान्यात हे जाळं भातावर किंवा ओटवर वाढवायला सोपं आणि स्वस्त, पण ते धान्यात इतकं गुंततं की सुटं काढता येत नाही. मग धान्यासकट दळतात. नावाला मशरूम, पोटात पीठ. गंमत म्हणून मी एक गमी कोमट पाण्यात विरघळवून तिच्यावर आयोडिनचा थेंब टाकला. पाणी क्षणात निळं-काळं. पुतण्या ओरडलाच, "फसवलं!" पण लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरात मक्याचं स्टार्च लिहिलेलं होतं, गमी चिकटू नयेत म्हणून लावलेलं. म्हणजे माझ्या प्रयोगाने काहीच सिद्ध झालं नाही. (आणि गमी चिकटल्या त्या चिकटल्याच.)

घरगुती प्रयोगाने जे कळत नाही ते नीट उपकरणांनी कळतं. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बाजारातून रेशी मशरूमची १९ उत्पादनं आणून तपासली. लेबलावर लिहिलंय तसं आत सापडलं फक्त पाचांत.

'इम्युनिटी'बद्दल थोडं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान असतं आणि आपल्या पांढऱ्या पेशींवर ते ओळखणारे ग्राहक-रेणू (रिसेप्टर) असतात. ग्लुकान दिसलं की पेशी समजतात, बुरशीने हल्ला केला, आणि सावध होतात. हे खरं आहे. पण पेशी सावध होणं आणि पावसाळ्यात सर्दी कमी वेळा होणं यात बरंच अंतर आहे. रेशीबद्दल कोक्रेन या संस्थेने जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या: मधुमेह्यांमधला हृदयविकाराचा धोका कमी करायला तिच्या बाजूने पुरावा नाही, आणि कर्करोगावरचा मुख्य उपचार म्हणून वापरण्याइतका पुरावाही नाही.

कॉर्डिसेप्सची गोष्ट जास्त रंगतदार. हिमालयात सुरवंटाच्या देहातून उगवणारी ही बुरशी उत्तराखंडात 'कीडा जडी' म्हणून सोन्याच्या भावाने विकली जाते. १९९३मध्ये चीनच्या वांग जुनशियाने दहा हजार मीटरचा विश्वविक्रम तब्बल ४२ सेकंदांनी मोडला. प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय दिलं ते कठोर सराव, कासवाचं रक्त आणि या बुरशीला. जगभर कॉर्डिसेप्सचा खप वाढायला एवढं पुरलं. पुढे २०००च्या सिडनी ऑलिम्पिकच्या तोंडावर त्यांच्या काही धावपटूंना रक्ततपासणीनंतर संघातून वगळण्यात आलं, आणि २०१६मध्ये खेळाडूंचं एक जुनं पत्र प्रसिद्ध झालं, त्यात बंदी असलेली औषधं घ्यायला लावल्याची तक्रार होती. गमीत असते ती बहुधा कारखान्यात वाढवलेली, तिची दुसरीच जात. तिला सुरवंट लागत नाही. शाकाहाऱ्यांना तेवढाच दिलासा.

मग पुतण्याचं मन अभ्यासात लागतं ते कसं? त्याला खोटं पाडायचा माझा विचार नाही. बाटलीवर दहा मशरूमच्या खाली आणखी एक ओळ होती: ग्रीन टी अर्क. म्हणजे थोडं कॅफिन. शिवाय पैसे मोजून काही घेतलं, ठरल्या वेळी घेतलं आणि लगेच पुस्तक उघडलं, की मन लागायला निम्मी मदत त्या शिस्तीचीच होते. म्हणून तर चाचण्यांत निम्म्यांना निरुपयोगी गोळ्या देतात.

ताटातल्या अळंबीची बाजू थोडी बरी आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने साठीपुढच्या ६६३ जणांची पाहणी केली. आठवड्याला ३०० ग्रॅमहून जास्त शिजवलेली मशरूम खाणाऱ्यांत सौम्य स्मृतिऱ्हासाची शक्यता निम्म्याने कमी दिसली. ती साधी बाजारातली मशरूम होती. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर पिकवतात ती धिंगरीही त्यांत आली. पण ही पाहणी, चाचणी नव्हे. मशरूम खाणारे एरवीही नीट जेवणारे असू शकतात. तरी आईने तेवढं ऐकून धिंगरीचं सुकं करायला घेतलं.

एका बाबतीत मात्र मी थट्टा केली नाही. २०२४मध्ये अमेरिकेत 'मशरूम'च्या नावाने विकलेली चॉकलेटं आणि गमी खाऊन सुमारे १८० माणसं आजारी पडली, काहींना झटके आले. तपासात लेबलावर नसलेली नशा आणणारी द्रव्यं सापडली. ओळखीच्या दुकानातल्या, अन्नसुरक्षा खात्याचा (FSSAI) चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेल्या बाटलीत असं निघण्याची भीती कमी. इन्स्टाग्रामवरून मागवलेल्या, परवाना नसलेल्या पाकिटाची हमी कोण देणार? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रेशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि चागा. बर्च झाडावरचा हा कोळशासारखा काळा गोळा, दहाच्या यादीत आठव्या नंबरावर. त्यात ऑक्झलेट भरपूर, म्हणजे बहुतेक मुतखडे ज्याचे बनतात ते द्रव्य. जपानमध्ये ७२ वर्षांच्या एका बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा पूड घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली; २०१४मध्ये डॉक्टरांनी ते नोंदवलं. गमीत चागा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे खरं. पण आमच्या वहिनींचा मुतखडा दोन वर्षांपूर्वीच काढलाय, आणि पुतण्याने ऋषिपंचमीपासून त्यांनाही रोज दोन गमी चालू केल्या होत्या, "काकू, गुडघ्यांना बरं" म्हणून. मी त्याला यादीतली चागाची ओळ बोटाने दाखवली. त्याने बाटली बॅगेत परत टाकली. तो स्वतः अजून घेतो. वहिनींच्या त्या दिवसापासून बंद आहेत.