पिवळ्या पट्ट्यावरचा पंजा : अ‍ॅजिलिटी प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

पाळीव कुत्र्याला अ‍ॅजिलिटी शिकवायला घेतलं की पहिले काही आठवडे मजेत जातात. हा खेळ म्हणजे मालकाच्या इशाऱ्यावर कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने अडथळे घड्याळाविरुद्ध पार करायचे. जमिनीलगतच्या दांडीवरून उडी, आखूड टनेलमधून पळ, हातातल्या खेळण्यामागे गिरकी, हे सगळं कुत्रा खेळता खेळता उचलतो. मग समोर ए-फ्रेम (दोन तिरक्या फळ्या टेकवून केलेला छपरासारखा चढ-उतार) किंवा डॉग वॉक (चढ, उंच अरुंद फळी आणि उतार असलेला पूल) येतो आणि प्रशिक्षक विचारतो : उतरताना थांबवायचा की पळत काढायचा? या प्रश्नावर जगभरचे प्रशिक्षक आजही दोन तट पाडून बसलेले आहेत. हा वाद आला कुठून, हे कळायला खेळाची जेमतेम पन्नास वर्षांची वाटचाल पाहणं पुरेसं आहे.

खेळाची सुरुवात लंडनची, १९७८ ची. ऑलिंपियाच्या सभागृहात भरलेल्या मोठ्या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरून काढायचा होता. आयोजकांपैकी एकाला घोड्यांच्या शो-जंपिंगची चांगली ओळख होती. त्याने एका मुरलेल्या प्रशिक्षकाला हाताशी धरलं आणि कुत्र्यांसाठी तसाच घड्याळ लावून धावायचा कोर्स मांडला. चार-चार कुत्र्यांचे दोन संघ उतरले. प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतलं आणि दोन वर्षांत, १९८० मध्ये, ब्रिटनमध्ये खेळाचे अधिकृत नियमही तयार झाले. कुत्र्यांना अडथळे त्याआधी नवे होते असं नाही. लष्करी आणि पोलिसी कुत्री भिंती चढतच होती. ब्रिटिश वर्किंग ट्रायलमध्ये, म्हणजे कामकरी कुत्र्यांच्या चाचणीत, ६ फुटांची उभी फळी, ९ फुटांची लांब उडी आणि ३ फुटांची उंच उडी होती. पण तिथे कुत्रा उडी मारतो की नाही एवढंच बघत, किती वेळात मारतो ते नाही. घड्याळ आलं आणि पुढचे सगळे तंटे त्याच्याबरोबर आले.

सुरुवातीची शिकवणी आज्ञापालनाच्या वर्गातून आलेली होती, कारण शिकवणारेही तिथलेच. कुत्रा डाव्या हाताला, पट्टा गळ्यात, चुकला की झटका. अडथळा म्हणजे पाळायचा हुकूम. उडीची उंची सगळ्यांना सरसकट ३० इंच. त्यामुळे जर्मन शेफर्ड आणि कोली सोडले तर फारसं कोणी फिरकत नसे, बुटक्या कुत्र्यांचे गट नंतर आले. अमेरिकेत १९८६ मध्ये पहिली स्वतंत्र संघटना उभी राहिली, तिनेही सुरुवातीला ब्रिटिश मापंच उचलली. तिथल्या सर्वात मोठ्या श्वाननोंदणी संस्थेने पहिली स्पर्धा घेतली ती १९९४ मध्ये. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ साली पहिली जागतिक स्पर्धा झाली तोवर खेळ बराच पसरला होता आणि शिकवण्याची पद्धत पार बदलत चालली होती.

हा बदल सागरी प्राण्यांच्या प्रशिक्षणातून आला. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्यामुळे त्यांचे प्रशिक्षक शिट्टी आणि मासा यांवरच अवलंबून असत : हवी ती हालचाल झाली त्या क्षणी शिट्टी, मग मासा. याच तत्त्वावर कुत्र्याला शिकवता येतं, हे एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच लिहून ठेवलं होतं. कुत्रेवाल्यांनी ते मनावर घेतलं नव्वदच्या दशकात, शिट्टीच्या जागी क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टिक वाजणारी छोटी डबी, हातात घेऊन. अ‍ॅजिलिटीला ही पद्धत चपखल बसली. झटका खाल्लेला कुत्रा डॉग वॉकवर चढतो, पण सावकाश, अंग चोरून. बक्षिसाच्या आशेने चढणारा धावत सुटतो. घड्याळाने कुणाची बाजू घेतली हे सांगायला नको. दयाबुद्धी जागी झाली म्हणून पट्ट्याचे झटके मागे पडले असं सांगायला बरं वाटतं, पण माझ्या मते त्यात वेगाचा वाटा मोठा होता.

आणि वेग वाढला तसा पिवळा पट्टा आडवा यायला लागला.

ए-फ्रेम, डॉग वॉक आणि सी-सॉ (मधोमध टेकलेली, वर-खाली होणारी फळी) या तिन्ही अडथळ्यांच्या टोकाला वेगळ्या रंगाचा, बहुतेक ठिकाणी पिवळा, भाग असतो : कॉन्टॅक्ट झोन. डॉग वॉक आणि सी-सॉवर तो साधारण ९० सेंटिमीटर, आंतरराष्ट्रीय नियमांत ए-फ्रेमवर १०६. कुत्र्याचा निदान एक पंजा तिथे पडलाच पाहिजे. हेतू साधा आणि चांगला : डॉग वॉक सव्वा मीटर उंच, ए-फ्रेम त्याहून उंच, कुत्र्याने वरूनच झेप टाकू नये. पण धावत्या बॉर्डर कोलीची ढांग एवढी लांब असते की अख्खा पट्टा ती दोन पावलांच्या मधल्या हवेत ओलांडू शकते. वरून उडी मारलेली नाही, उतारावरून सरळ धावत आली, तरी पंजा पट्ट्यात नाही. जज हात वर करतो. युरोपात ५ फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण, लागतात. अमेरिकेतल्या त्या मोठ्या संस्थेच्या स्पर्धेत ती फेरी पात्रच धरत नाहीत.

यावर निघालेला पहिला पक्का उपाय म्हणजे थांबा. मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर, आणि सुटण्याचा शब्द येईपर्यंत हलायचं नाही. शिकवायची रीत शेवटाकडून सुरुवातीकडे जाते. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कुत्र्याचे मागचे पाय ठेवायचे, पुढे जमिनीवर डब्याचं पारदर्शक झाकण. नाक झाकणाला टेकलं की क्लिक, खाऊ. ते पक्कं झालं की पायरीच्या जागी फळीचं टोक, मग फळी थोडी तिरकी, मग कुत्र्याला बाजूने उचलून फळीच्या मध्यावर ठेवायचं, असं करत करत पूर्ण डॉग वॉक. झाकण हळूहळू नाहीसं करायचं, नाक टेकणं राहिलं तरी चालतं. साधारण शहाण्या पाळीव कुत्र्याला हे काही महिन्यांत येतं आणि मालकालाही कळतं, की आज जमलं की नाही. दुसरी पद्धत सांगताना या गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं.

थांब्यातली गोम कुत्र्यात नसते, मालकात असते. सरावात मालक शिस्तीत तीन सेकंद थांबतो. स्पर्धेत घड्याळ पळतंय, पुढची उडी दिसतेय, पंजा पट्ट्यात आलेला दिसला की तोंडातून सुटण्याचा शब्द आधीच बाहेर पडतो. असं चार-दोन स्पर्धांत झालं की कुत्र्याचा हिशेब पक्का : दोऱ्या बांधलेल्या रिंगणात थांबायचं नसतं, घरामागच्या मैदानात थांबायचं असतं. मग लोक म्हणतात, थांबा टिकत नाही. तो टिकवलेला नसतो.

पळत उतरवण्याची कल्पना जुनी होती, पण तिला पद्धत मिळाली ती या शतकाच्या पहिल्या दशकात. अमेरिकेत काहींनी जमिनीवर प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट ठेवून तिच्यात पाय टाकत पळायला शिकवलं आणि मग ती चौकट ए-फ्रेमच्या पायथ्याशी नेली. स्लोव्हेनियातल्या एका विजेत्या हँडलरने, म्हणजे कोर्सवर कुत्र्याला धावत हाताळणाऱ्या स्पर्धक बाईने, चौकटच काढून टाकली. तिची पद्धत अशी : फळी जमिनीवर सपाट. कुत्रा तिच्यावरून पूर्ण वेगात पळतो. टोकाजवळ पंजे आत, सुटे सुटे आणि धावतच पडले तर बक्षीस, उडी मारली तर काही नाही. मग फळी काही सेंटिमीटर वर, पुन्हा तेच. कुत्र्याने आपली ढांग आपणच बसवायला शिकायचं. जागतिक स्पर्धांतली कुत्री दोन सेकंदांच्या आत डॉग वॉक पार करू लागली, तशी सगळ्यांची नजर तिकडे वळली. थांबणारा उत्तम कुत्राही त्यामानाने निदान अर्धा-एक सेकंद गमावतो, आणि वरच्या पातळीवर पहिल्या-दहाव्यातला फरक तेवढाच असतो.

इथे प्रचाराने वस्तुस्थितीला मागे टाकलं असं मला वाटतं. पळत्या उतरणीला हजारो आवर्तनं लागतात. पंजा आत पडला की बाहेर, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फोनवर व्हिडिओ काढून संथ गतीने पाहावा लागतो, आणि तोपर्यंत क्लिकची वेळ टळलेली असते. म्हणजे ज्याची नजर तयार नाही तो मालक निम्म्या वेळा चुकीच्या पावलाला बक्षीस देत राहतो. शिवाय डॉग वॉकनंतर सरळ टनेल असेल तर ठीक, पण लगेच नव्वद अंशांचं वळण आलं तर पळता कुत्रा वळणाच्या नादात पट्टा चुकवतो, म्हणून वळणांचे वेगळे शब्द, वेगळा सराव. जगज्जेत्यांना हा खर्च परवडतो. शनिवार-रविवारी कुत्र्याला खेळायला आणणाऱ्या माणसाला तो का परवडावा, याचं उत्तर कोणी सरळ देत नाही.

पळतवाल्यांचा खरा युक्तिवाद मात्र वेगाचा नाही, खांद्यांचा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. भरधाव उतरून पुढच्या पायांवर गचकन थांबणं, तेही वर्षानुवर्षं, याचा भार कुठेतरी बसणारच. मालकांकडून भरून घेतलेल्या सर्वेक्षणांत खांद्याची दुखापत सातत्याने वरच्या क्रमांकांत दिसते आणि ए-फ्रेम, डॉग वॉक नि दांडीची उडी हे अडथळे त्यात पुन्हा पुन्हा येतात. पण थांबवल्यामुळे जास्त दुखतं की हजार वेळा पळवल्यामुळे, याचा निकाल त्या सर्वेक्षणांतून लागत नाही. थांबवणारे चांगले प्रशिक्षक कुत्र्याला वजन मागच्या पायांवर घेऊन उतरायला शिकवतात. वाईट प्रशिक्षक दोन्ही पद्धतींत मिळतात.

नियम करणाऱ्यांनी या वादात कधीच बाजू घेतली नाही. पंजा कसा पडला ते विचारायचं नाही, पडला की नाही एवढंच पाहायचं. अडथळा मात्र त्यांनी सौम्य केला. एके काळी ६ फूट ३ इंचांची ए-फ्रेम बहुतेक ठिकाणी १७० सेंटिमीटरच्या आसपास आली, वाळू मिसळलेल्या खरखरीत रंगाच्या जागी रबराचा पृष्ठभाग आला. उतार कमी झाल्याने दोन्ही बाजूंचं काम हलकं झालं.

बाकीच्या अडथळ्यांची कथा एवढी भांडखोर नाही. बारा दांड्यांच्या वीव्हमध्ये, म्हणजे उभ्या दांड्यांमधून नागमोडी जायच्या अडथळ्यात, दांड्यांतलं अंतर एके काळी ५० सेंटिमीटरच्या आसपास असे, मोठ्या कुत्र्याला त्यात पाठ फार वाकवावी लागे. आज ते ६० आहे. शिकवायच्या पद्धती मात्र डझनभर : दोन रांगांमधली वाट हळूहळू अरुंद करणं, दांड्या बाहेर तिरक्या ठेवून रोज थोड्या सरळ करणं, किंवा दोन-दोन दांड्यांपासून सुरू करून प्रवेशाचा कोन आधी पक्का करणं. कापडी टनेल, म्हणजे टोकाला लोळत पडलेल्या कापडातून कुत्र्याने आंधळेपणाने बाहेर यायचं, हा अडथळा २०१६ नंतर बहुतेक ठिकाणी बाद झाला. ओल्या कापडात वेगाने घुसलेली कुत्री गुंडाळली जात. बाद झाल्यावर तो कोणाला आठवलाही नाही. ज्यातून उडी मारायची तो टायरही आता धडक बसली की सुटून येणारा असतो.

मालकाने कसं धावायचं, यात जास्त उलथापालथ झाली. कुत्र्याला नेहमी डाव्या हाताला ठेवायचं हा आज्ञापालनाचा वारसा ऐंशीच्या दशकातच गळून पडला, कारण कोर्स वळायला लागले. मग कुत्र्याकडे तोंड करून बाजू बदलणं रूढ झालं आणि पाठ करून बाजू बदलणं हे बराच काळ पाप मानलं गेलं : कुत्र्यावरची नजर सुटते म्हणून. फिनलंडमधल्या एका हँडलरच्या बहिऱ्या कुत्रीने इथे एक धडा दिला. तिला शब्द ऐकूच येत नव्हते, तरी ती कोर्स धावत होती, मालकिणीचे खांदे, पाय, नजर वाचून. त्यातून अंगबोलीवर उभी राहिलेली हाताळणीची पद्धत पुढच्या दशकात जगभर गेली आणि पाठ करून बाजू बदलणं राजरोस झालं. गंमत म्हणजे त्यानंतर कोर्स इतके लांब-रुंद झाले, की कुत्र्याच्या पुढे राहणं पळणाऱ्या तरुणांनाही जमेना, आणि आवाजाच्या आज्ञा पुन्हा शिकवाव्या लागल्या.

उंचीचा प्रश्न तेवढा अजून हलतोच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत मोठ्या कुत्र्यांची कमाल उडी ६५ वरून ६० सेंटिमीटरवर आली. खांद्याशी जेमतेम ४३ सेंटिमीटर भरणारा कुत्रा ५५ भरणाऱ्याइतकीच उडी मारत होता, त्याच्यासाठी २०२३ पासून मधला गट निघाला.

वयाची अट युरोपात १८ महिन्यांची, अमेरिकेत मोठ्या संस्थेकडे १५. तोवर हाडांची वाढ साधारण पुरी झालेली असते. म्हणूनच हल्ली बरेच प्रशिक्षक पिल्लाच्या मालकाला थांबा की पळ, हे पहिल्या वर्षी ठरवायलाच देत नाहीत. वर्षभर फळी जमिनीवरच राहते. पिल्लू तिच्यावर चारही पाय टाकून चालतं, मागे सरकतं, टोकाशी झाकणाला नाक लावतं आणि कधी कधी नुसतं पळत जातं. यातलं काहीही पुढे दोन्हींपैकी कुठल्याही पद्धतीला लावता येतं.