ज्वलनशील द्रव साठवणाऱ्या गाळ्यासाठी परवाना : पात्रता, धोक्याचे मूल्यांकन आणि कागदपत्रे

साकीनाका, गोवंडी किंवा अंधेरीच्या एमआयडीसीतील गाळ्यांमध्ये छपाई, रंगकाम, फर्निचरचे पॉलिश, चपलांना सोल्युशन लावणे अशी कामे चालतात आणि त्यांसाठी थिनर, टोल्यूइन, टर्पेंटाइन यांचा साठा करावा लागतो. परवान्याचा विषय निघाला की बहुतेक मालक सर्वप्रथम एजंटकडून फॉर्म मागवतात. हा क्रम उलटा आहे, कारण द्रव कोणता, जास्तीत जास्त किती, कशात ठेवला आहे आणि आजूबाजूला काय आहे हे अर्जातील प्रश्न धोक्याचे मूल्यांकन केल्याशिवाय खरेपणाने भरताच येत नाहीत.

पेट्रोलियम अधिनियम, 1934 मध्ये पेट्रोलियम म्हणजे कोणताही द्रव हायड्रोकार्बन (फक्त कार्बन व हायड्रोजनचे संयुग) किंवा तो असलेले ज्वलनशील मिश्रण. या द्रवांची वर्गवारी फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्यावरून होते. 23 अंश सेल्सिअसपेक्षा कमी असेल तर ‘अ’ वर्ग, 23 ते 65 च्या आत ‘ब’ आणि 65 ते 93 च्या आत ‘क’. विक्रीसाठी नसलेला ‘अ’ वर्गाचा साठा एकूण 30 लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मात्र तो घट्ट बुचाच्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या 1 लिटरपर्यंतच्या बाटलीत अथवा धातूच्या 25 लिटरपर्यंतच्या डब्यात असला पाहिजे. या यादीत प्लास्टिकचा कॅन नाही, आणि गाळ्यांमध्ये सर्रास दिसतो तो नेमका तोच. ‘ब’ वर्गासाठी सूट 2,500 लिटरपर्यंत आहे, पण कोणतेही एक भांडे 1,000 लिटरपेक्षा मोठे नसावे. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे 4 अंश, त्यामुळे त्याचे 200 लिटरचे एक पिंप आणले तरी सूट संपते. थिनर हे मिश्रण असल्याने त्याचा वर्ग नावावरून ठरवू नये, तर पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. अॅसिटोन हा हायड्रोकार्बन नसल्यामुळे पेट्रोलियमच्या व्याख्येत तसा येत नाही, पण पेटायचा थांबत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 394 खाली धोकादायक वस्तूंच्या साठ्यासाठी महापालिकेचा परवाना ही वेगळी बाब आहे, हे येथे लक्षात ठेवावे. एलपीजी सिलिंडर वापरात असतील तर एकूण 100 किलोपर्यंत साठवणुकीचा परवाना लागत नाही.

मूल्यांकन करताना सरासरी साठा धरू नये. दिवाळीपूर्वी ऑर्डर वाढतात त्या आठवड्यात गाळ्यात किती पिंपे असतात, तो आकडा लिहावा. त्यानंतर वाफ कुठे तयार होते आणि कुठे साचते ते पाहावे. टोल्यूइनची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, गटाराच्या जाळीतून उतरते आणि हवेतील तिचे प्रमाण 1.1 ते 7.1 टक्क्यांच्या दरम्यान असताना ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. बहुतेक गाळ्यांत मात्र एक्झॉस्ट पंखा छताजवळ असतो, आणि जुलैत पाऊस आत येऊ नये म्हणून झरोक्यांवर ताडपत्री बांधलेली असते. टर्पेंटाइन ‘ब’ वर्गात असले तरी मे महिन्यात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ते आपला फ्लॅश पॉइंट सहज ओलांडू शकते.

त्यावरून जागेचे झोन आखावेत. जेथे स्फोटक वाफ सतत असते, उदाहरणार्थ पिंपाच्या आत, तो झोन 0. नेहमीच्या कामात ती होण्याचा संभव असलेली जागा, म्हणजे ओतण्याच्या तोंडाभोवती, झोन 1. आणि केवळ बिघाड झाल्यास व तेही थोडा वेळच होऊ शकेल तेथे झोन 2. भारतात यासाठी आयएस 5572 हे मानक वापरतात. झोनमधील दिवे, स्विच आणि पंख्याची मोटर त्या झोनला साजेशी प्रमाणित, उदाहरणार्थ फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू न देणारी), असावी लागते. त्यापेक्षा स्विचबोर्डच झोनबाहेर हलवणे पुष्कळदा स्वस्त पडते. पिंपातून डब्यात ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही धातूची भांडी तारेने जोडून अर्थिंग करावे. रिकामे पिंप हे निरुपद्रवी भंगार समजले जाते, पण त्यात वाफ भरलेली असते आणि गॅस कटरने ते कापणे भरलेले पिंप हाताळण्यापेक्षा घातक ठरू शकते. म्हणूनच नियमांनुसार ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाची रिकामी भांडी पूर्ण साफ होऊन वाफमुक्त होईपर्यंत घट्ट बंद ठेवावी लागतात. अर्थात, कमी ज्वलनशील द्रव वापरता येत असेल किंवा रोजच्यापुरताच माल आणता येत असेल, तर आधी तेच करावे.

यानंतर अर्ज. पेट्रोलियम नियम, 2002 खाली लहान साठ्यांचे काही परवाने जिल्हा प्राधिकारी देतो, तर मोठ्या साठ्यांसाठी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे ‘पेसो’कडे जावे लागते. तिचे मुख्यालय नागपूरला असून पश्चिम मंडळाचे कार्यालय नवी मुंबईत बेलापूर येथे आहे. मुंबईत पोलीस आयुक्तालय असल्याने जिल्हा प्राधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त किंवा उपायुक्त. नव्या जागेसाठी त्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि त्यांनी शिक्का मारलेला नकाशा अर्जासोबत लागतो. नियमांनुसार ना-हरकतीचा निर्णय 3 महिन्यांच्या आत व्हावयाचा असतो. नमुना 9 मधील अर्ज आणि शुल्कासोबत प्रमाणबद्ध नकाशा द्यावा लागतो, ज्यात परवान्याची जागा वेगळ्या रंगाने आणि तिच्या कडेपासून 100 मीटरपर्यंतचा परिसर दाखवलेला असतो. दाटीच्या वस्तीत शाळा, मंदिर, चाळ यांना नकाशातून वगळण्याचा मोह टाळावा, कारण पाहणीत ते दिसणारच असते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते.

भाड्याच्या गाळ्यात एक अडचण हमखास येते. जागेवरील हक्क संपल्यास पेट्रोलियमचा परवानाही रद्द होतो, आणि मुंबईतील लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. त्यामुळे परवान्याच्या मुदतीला पुरेल असा नोंदणीकृत भाडेकरार, ज्यात ज्वलनशील द्रव साठवण्यास मालकाची स्पष्ट संमती असेल, तो अर्जापूर्वीच करून घ्यावा.