सुमन सकाळी बाजारी निघाली

गोव्यात पेडण्यातल्या आमच्या बारावीच्या वर्गात उत्परिवर्तनाचा, म्हणजे डीएनएत होणाऱ्या बदलाचा, धडा मी व्याख्येनं सुरू करत नाही. फळ्याच्या दोन्ही टोकांच्या खिळ्यांना सुंभ बांधतो आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्याच्यावर बारा पुठ्ठे लावतो. प्रत्येकावर एक अक्षर. नियम एवढाच: डावीकडून सुरुवात करायची, तीन-तीन अक्षरं एकत्र वाचायची.

मुलं वाचतात, ‘सुमन सकाळी बाजारी निघाली.’

पेशी डीएनए असाच वाचते. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. शब्द सगळे तीन अक्षरी, आणि दोन शब्दांत मोकळी जागा नाही. शब्दागणिक एक अमिनो आम्ल. अशा आम्लांची माळ म्हणजे प्रथिन.

मग एकाला उठवतो. तो ‘बा’ काढून ‘शे’ लावतो. सुमन आता शेजारी निघाली! वाक्य धड आहे, पण बाई भलतीकडे गेली. दुसरी मुलगी ‘ळी’ ऱ्हस्व करते. शुद्धलेखन चुकलं, अर्थ तोच राहिला. डीएनएतही असं होतं: जीएए आणि जीएजी या दोन्ही शब्दांचं आम्ल एकच, ग्लुटामिक आम्ल.

तिसऱ्यानं ‘म’ काढायचा आणि उरलेले सगळे पुठ्ठे एकेक घर डावीकडे सरकवायचे. हे मी मुद्दाम हातानं करायला लावतो. एकेक चिमटा सोडवत पोर टोकाला पोचेपर्यंत वर्गात हशा पिकलेला असतो: ‘सुनस काळीबा जारीनि घाली.’ एकच अक्षर गळलं आणि पुढचा प्रत्येक शब्द मोडला. ज्यानं पुठ्ठे सरकवले, त्याला वाचनाची चौकट सरकणं म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही.

सलग तीन काढले तर? आणखी वाईट होणार, असा बहुतेकांचा अंदाज. ‘बाजारी’ निघतं आणि उरतं ‘सुमन सकाळी निघाली’. चौकट शाबूत! इथं मात्र सावध करावं लागतं. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात सर्वांत जास्त आढळणाऱ्या उत्परिवर्तनात तीनच अक्षरं गळतात, 1480 आम्लांपैकी एकच कमी होतं, तरी प्रथिनाची घडी बिघडते आणि पेशी ते मोडीत काढते.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराची गोष्ट मी सावकाश सांगतो. हिमोग्लोबिन हे रक्तातलं प्राणवायू वाहणारं प्रथिन; त्याच्या बीटा साखळीत 146 आम्लं. सहाव्या जागचा जीएजी हा शब्द जीटीजी होतो, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. हा एका आम्लाचा फरक शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1957 साली दाखवून दिला. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरणारं. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर बनतात आणि गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. हेच अक्षर आईवडिलांपैकी एकाकडूनच आलं, तर गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. त्यामुळे ‘दोष’ हा शब्द मी वर्गात वापरत नाही.

‘सर, माझ्यातही उत्परिवर्तनं असतील?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. असतातच. आईवडिलांत नसलेले साधारण 60 नवे बदल प्रत्येक मूल घेऊन येतं. जवळपास तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात त्यातले बहुतेक अशा जागी पडतात, जिथं प्रथिनाची कृती लिहिलेलीच नसते.

मुलं सर्वांत जास्त चुकतात ती पुढच्या मुद्द्यावर. आमच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसाच्या पाठीवर दिवसभर ऊन असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएतले शेजारशेजारचे दोन टी एकमेकांना चिकटतात. पेशी बहुतेक जोड्या दुरुस्त करते, काही राहून जातात. पण ते बदल त्या कातडीपुरतेच. मुलांकडे जातात ते फक्त बीजांडातले आणि शुक्रपेशीतले.

हे सांगत असताना गेल्या वर्षी एक मुलगी उठली. तिच्या काकीच्या बाळाचा ओठ दुभंगलेला होता. काकीनं ग्रहणात आदोळीवर (विळीवर) भाजी चिरली म्हणून तसं झालं, असं आजी म्हणायची आणि काकी मान खाली घालून ऐकायची. मी शिकवणं थांबवलं. ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. त्यामागे बहुधा अनेक जनुकं आणि भोवतालची परिस्थिती मिळून असते. चंद्राच्या सावलीचा किंवा आदोळीचा त्यात काही संबंध नाही.

तास सुटल्यावर ती सुंभापाशीच उभी राहिली. ‘हे आजीला कसं सांगू, सर?’ मग आम्ही दोघं बाकावर बसलो आणि आजीला समजतील अशा चार ओळी तिच्या वहीत लिहिल्या.