नांदूरमधमेश्वरचा गाळ आणि त्यावर जगणारे पक्षी

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही चिखलात चोच खुपसून फिरणारे, एरवी खाडीच्या काठी दिसणारे कितीतरी पक्षी पाहायला नाशिककरांना कसारा घाट उतरावा लागत नाही. शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरीला कादवा येऊन मिळते. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांना पाणी देण्यासाठी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे नदीचा वेग मंदावला आणि पावसाळ्यात वाहून येणारी माती तळाशी बसू लागली. ती बसतच गेली. साठवण घटली, पण उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, छोटी बेटं आणि पाणवनस्पतींची दाटी तयार झाली. शेतीच्या हिशेबात जे नुकसान, ते पक्ष्यांच्या पथ्यावर पडलं. १९८६ साली नांदूरमधमेश्वर अभयारण्य झालं आणि २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठरलं.

इथे जायचं ते थंडीत, आणि उजाडायच्या आत. निफाडची थंडी राज्यभर प्रसिद्ध आहे, तेव्हा कानटोपी विसरू नये. चापडगावच्या बाजूने आत शिरलं की निरीक्षण मनोरे लागतात, दुर्बीण घेतलेले गावातलेच वाटाडे भेटतात. त्यांना सोबत घ्यावंच, कारण कोणता पक्षी सध्या कुठे बसतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. कॅमेरा बाहेर काढायची घाई मात्र करू नये. आधी काठ नीट पाहावा. पाणी किती खोल आहे आणि ओल कुठपर्यंत आहे हे कळलं, की कोणता पक्षी कुठे उतरेल याचा अंदाज बांधता येतो.

ओलसर पण पाणी नसलेल्या चिखलावर चिखल्या हे छोटे पक्षी धावत असतात. चार पावलं धाव, मग एकदम थांबणं, वाकून एक टोच, पुन्हा धाव. त्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे. भक्ष्याची हालचाल डोळ्यांनी टिपायची तर स्वतः स्थिर व्हावं लागतं, म्हणून ते थांबणं. फोटो काढणाऱ्यासाठी नेमका तोच क्षण कामाचा. पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवत बसण्यापेक्षा तो थांबेल त्या घडीची वाट पाहिलेली बरी.

चार पावलं पुढे, घोट्याएवढ्या पाण्यात, पाणटिवळे असतात. यांची तऱ्हा अगदी वेगळी. लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात, डोकंही कधी पाण्याखाली, आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी एकसारखी खालीवर टोचणी. डोळ्यांना इथे काही दिसत नाही. सगळं काम स्पर्शावर चालतं. चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं दाटीवाटीने बसलेली असतात. अळी हाती लागली तरी अडचण संपत नाही, कारण घट्ट चिखलात रुतलेली चोच उघडायची कशी? त्यावरचा तोडगा विलक्षण आहे. वरच्या चोचीचं फक्त टोक वर वाकतं, बाकी चोच मिटलेलीच राहते. चिमट्यात धरावी तशी अळी पकडून तो ती वर ओढतो. कधी चोच बाहेर काढतानाही टोक वाकलेलं असतं. ओळीने दहा-पंधरा फोटो घेतले तर एखाद्यात हा बाक स्पष्ट दिसतो. नुसत्या डोळ्यांना तो बहुधा निसटतो. मला कॅमेऱ्याचं मोल वाटतं ते इथे.

त्याहून खोल पाण्यात गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाट्ये, आणि त्यांच्याही पुढे अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालणारे चमचे. थापट्या बदकं पृष्ठभागावरचं पाणी रुंद चोचीत घेतात आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक दातऱ्यांतून गाळून बाहेर सोडतात. एकाच काठावर इतकी गर्दी असूनही फारशी भांडणं दिसत नाहीत, कारण पायांच्या लांबीने प्रत्येकाची खोली ठरते आणि चोचीच्या घडणीने प्रत्येकाचं अन्न.

या अन्नात लाल अळ्यांचा वाटा मोठा. चावा न घेणाऱ्या, डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या या अळ्या. कुजणाऱ्या गाळात ऑक्सिजन जेमतेम असतो, आणि तिथे तग धरायला त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं. कीटकांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ आहे. त्यांचा लाल रंगही त्याचाच.

मग मान वर करून पट्टकदंबांकडे पाहावं. राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंसकुळातले पक्षी तिबेट, मंगोलियाकडच्या तळ्यांवर वीण करून हिमालय ओलांडून इथे येतात. त्यांनी ७,००० मीटरच्या वर उड्डाण केल्याची नोंद आहे, जरी बहुतेक प्रवास ते साडेपाच हजार मीटरच्या खालून, डोंगराच्या चढउतारांना धरून करतात. विरळ हवेत पंख मारत राहणं त्यांना जमतं त्याची कारणं अनेक आहेत, पण त्यांतलं एक म्हणजे त्यांचं हिमोग्लोबिन. त्याच्या रचनेत झालेल्या लहानशा बदलांमुळे ते इतर हंसांच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन अधिक घट्ट धरतं. तळाच्या गाळातली अळी आणि हिमालयावरून आलेला कदंब, दोघांची अडचण एकच आणि उत्तरही एकाच रेणूत सापडलेलं. निफाडच्या एका बांधावर उभं राहून हे दोन्ही पाहायला मिळतं, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

कदंब रात्री आसपासच्या शेतांत चरतात आणि दिवसा बेटांवर विसावतात. त्या विसाव्यात त्यांना उठवू नये. बसलेला थवा हवेत उडतानाचा फोटो उठून दिसतो हे मान्य, पण तो मिळवण्यासाठी त्यांच्या अंगावर चालून जाणं मला अजिबात पटत नाही. विश्रांतीच्या तुलनेत उडायला कितीतरी पट ऊर्जा लागते, आणि मार्चच्या सुमारास परतीला निघण्याआधी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. दलदलीवर घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी थव्यांना तसाही दिवसभर उठवतच असतो. ४०० ते ६०० मिलीमीटरची लेन्स असेल तर मनोऱ्यावरून किंवा काठाआड बसून पुरेसं जवळचं चित्र मिळतं. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा. चमच्यासारख्या पांढऱ्या पक्ष्याच्या पिसांचा तपशील कोवळ्या उन्हातही जळून जातो, म्हणून प्रकाश थोडा कमी करून घ्यावा.

अकराच्या पुढे ऊन डोक्यावर येतं आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग लांबचा कोणताच फोटो धारदार येत नाही. तो वेळ सकाळचे फोटो मोठे करून पाहण्यात घालवावा. मंगोलियात काही पट्टकदंबांच्या मानेत अक्षरं आणि अंक असलेल्या रंगीत पट्ट्या घातल्या गेल्या आहेत. ते अंक वाचता आले तर तो पक्षी कुठून, कोणत्या वर्षी निघाला हे कळू शकतं. अशी पट्टी दिसली तर फोटो, तारीख आणि जागा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावी. धूसर आलेला फोटोही पाठवावा, अंक वाचता येत असले म्हणजे झालं.