टाइप वन असलेल्या मुलामुलींसाठी ऑनलाइन गट-तपासणी आणि आधारगट: फरक कुठे आहे

‘आज मुलीची ऑनलाइन ग्रुप मीटिंग आहे,’ असं टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांचे आईवडील सांगतात, तेव्हा ते दोनपैकी एका गोष्टीबद्दल बोलत असतात. एक म्हणजे गट-तपासणी. डॉक्टर, डायबेटिस एज्युकेटर, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक मिळून सहा-आठ मुलांना एकाच बैठकीत बघतात. दुसरा म्हणजे आधारगट. त्यात टाइप वनचीच मुलं, त्यांचे पालक, टाइप वन घेऊनच मोठे झालेले एखादे दादा किंवा ताई. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज बोलणं, महिन्यातून एखादा व्हिडिओ कॉल. मोबाईलवर दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हीकडे हायपोचे, म्हणजे शुगर फार उतरल्याचे, किस्से निघतात, दोन्हीकडून मूल हलकं होऊन उठतं. म्हणून गल्लत होते. ती इन्सुलिनच्या डोसपर्यंत पोचली की मात्र जिवावर बेतू शकते.

ओळखायला एकच प्रश्न पुरतो: इथे ठरलेल्या डोसची जबाबदारी कुणाची? गट-तपासणी ही अपॉइंटमेंट असते. मुलाची फाइल उघडलेली असते, आधी पाठवलेले आकडे कुणीतरी वाचलेले असतात आणि शेवटी नोंदणी क्रमांक असलेल्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन निघतं. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना तिला लागू होतात. त्यांनुसार अल्पवयीन रुग्णाबरोबर ओळख पटवलेली मोठी व्यक्ती असावी लागते. आधारगटात फाइल नसते, प्रिस्क्रिप्शन नसतं आणि डोस सांगायचा अधिकारही कुणाला नसतो.

चार युनिटचा हिशेब

रात्री साडेअकरा. आधारगटावर प्रश्न येतो: ‘शुगर २९०, जेवून चार तास झाले, किती घेऊ?’ कुणीतरी अगदी मनापासून लिहितं, ‘माझा मुलगा अशा वेळी ४ घेतो.’

तो मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि दिवसाला एकूण ६० युनिट घेतो. झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनसाठी अंदाज बांधायची सुरुवातीची रीत अशी: १८०० ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागायचं. १८०० भागिले ६० म्हणजे ३०, म्हणजे एका युनिटने त्याची शुगर साधारण ३० ने उतरते. चार युनिटने १२० उतरली तर तो १७० वर येतो. छान.

विचारणारी मुलगी तेरा वर्षांची, दिवसाला ३० युनिट घेणारी. १८०० भागिले ३० म्हणजे ६०. चार युनिटने तिची शुगर २४० ने उतरते आणि २९० वरून ती ५० वर जाते, तेही झोपेत. ७० च्या खाली हायपो सुरू होतो. ५४ च्या खाली मेंदूला साखर कमी पडू लागते. उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला होता, त्याच्या मुलापुरता आकडाही बरोबर होता.

या वयात स्वतःचा जुना आकडासुद्धा टिकत नाही. वयात येताना ग्रोथ हार्मोन वाढतं आणि इन्सुलिनचा असर कमी पडतो. वजनाच्या किलोमागे दिवसाला एक युनिटाहून जास्त लागणं तेव्हा सर्रास दिसतं. काही मुलींची शुगर पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस चढते. त्यात मूल ‘बेशिस्त’ झालेलं नसतं. दर तीन महिन्यांनी डोस बघणारी टीम लागते ती यासाठीच.

टीमच्या बैठकीत काय चालतं

निम्मं काम बैठकीआधी होतं. तीन दिवस आधी सेन्सरचा (त्वचेवर चिकटवलेलं, सतत शुगर मोजणारं यंत्र) १४ दिवसांचा रिपोर्ट पाठवायचा. त्यात निदान ७० टक्के वेळेची नोंद हवी, नाहीतर त्यावरून काही ठरवता येत नाही. सेन्सर नसेल तर ग्लुकोमीटरची तीन दिवसांची नोंद चालते: प्रत्येक जेवणाआधी, झोपताना आणि एकदा पहाटे तीनला. सोबत घेतलेले डोस, वजन आणि सुई टोचतो त्या जागांचे फोटो. रिपोर्टमध्ये टीम आधी दोन आकडे पाहते. ७० ते १८० मध्ये गेलेला वेळ ७० टक्क्यांच्या वर आहे का, आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसातून जेमतेम एक तास आहे का.

बैठक साधारण दीड तासाची. पहिली दहा मिनिटं पालक सोबत, नंतर पालकांची वेगळी खोली (ऑनलाइनच) समुपदेशकाबरोबर. मुलं एज्युकेटरबरोबर एका विषयावर बोलतात आणि त्याच वेळात डॉक्टर एकेकाला आठ मिनिटांसाठी वेगळ्या खोलीत बोलावतात. आठ मुलं गुणिले आठ म्हणजे चौसष्ट मिनिटं. एका डॉक्टरला याहून जास्त मुलं झेपत नाहीत. वीस जणांना जोडून ‘गट-तपासणी’ म्हणत असतील, तर ते व्याख्यान आहे.

गटात शिकण्याचा फायदा एका पोळीवर कळतो. प्रत्येकाने घरच्या कणकेचा एक गोळा काट्यावर ठेवायचा. ३० ग्रॅम कोरड्या पिठाच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं धरतात. गोळ्यात पाणीही असतं, म्हणून आधी पीठ किती घेतलं आणि गोळे किती झाले ते मोजायचं. एकाच्या पोळीला २५ ग्रॅम पीठ निघतं, दुसऱ्याच्या पोळीला ४५. दोघंही डबा उघडून ‘तीन पोळ्या’च लिहितात, पण एकाने ५० ग्रॅम कर्बोदकं खाल्ली आणि दुसऱ्याने ९०. दर १० ग्रॅमला एक युनिट असा हिशेब असेल तर हा फरक चार युनिटांचा झाला. ‘जेवणानंतर कायम २५० का येते?’ याचं उत्तर अनेकदा या काट्यावर सापडतं, आणि दुसऱ्याचा गोळा शेजारच्या चौकोनात दिसल्यामुळे ते लक्षात राहतं.

बिघडतं कुठे? आकडे ऐन बैठकीच्या सकाळी येतात आणि डॉक्टरांची आठ मिनिटं ते वाचण्यातच जातात. अकरा वर्षांचा आणि सतरा वर्षांचा एकाच गटात बसवतात, मग मोठा गप्प बसतो. सगळ्यांसमोर एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) वाचून दाखवतात आणि ज्याचा ९.८ आला तो पुढच्या वेळी जोडलाच जात नाही. सगळ्यात मोठी अडचण घराची आहे. वन बीएचकेमध्ये मागे टीव्ही चालू, शेजारी आजी, अशा वेळी कुठली मुलगी सांगेल की वजन वाढू नये म्हणून ती डोस चुकवते? डॉक्टरांच्या खोलीत मुलाने इयरफोन लावावा आणि नाजूक प्रश्नांची उत्तरं फक्त डॉक्टरांना दिसतील अशी टाइप करावीत. टीमने तशी सोय द्यायलाच हवी. पडद्यावर पूर्ण नाव नको, स्क्रीनशॉट नकोत.

बैठक चालू असताना मुलाची शुगर ६४ झाली तर माइक बंद करून १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं: चहाचे तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते.

आधारगटाचं काम, आणि त्याची हद्द

आधारगटाला कमी लेखू नये. जुलैच्या दमट हवेत सेन्सर सुटू नये म्हणून वर कुठली पट्टी लावायची, पीटीच्या सरांना काय सांगायचं, ठाण्याहून वाशीला लोकलमध्ये उभ्याने जाताना ग्लुकोज दप्तरात ठेवायचं की खिशात (खिशातच, गर्दीत पाठीवरचं दप्तर उघडता येत नाही), ही उत्तरं आधारगटात जितकी चोख मिळतात तितकी कुठल्याही दवाखान्यात मिळत नाहीत. सीबीएसईने २०१७ पासून टाइप वनच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत खाऊ आणि साखरेच्या गोळ्या न्यायची मुभा दिली, ही माहितीही बऱ्याच पालकांना अशा गटांतूनच कळते. आणि ‘मला एकट्यालाच का’ या प्रश्नापाशी बसलेल्या मुलाला दुसरं टाइप वनचं मूल जे देऊ शकतं, ते टीम देऊ शकत नाही.

डोसाखेरीज आणखी दोन गोष्टी आधारगटावरून घेऊ नयेत. पहिली, ‘अमुक चूर्णाने इन्सुलिन कमी झालं.’ इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची गरज खरोखर घटते, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या, उरलेल्या बीटा पेशींना विसावा मिळतो. याला हनीमून म्हणतात. काही महिन्यांनी तो संपतो, पण तोवर श्रेय चूर्णाला गेलेलं असतं. त्या भरवशावर इन्सुलिन बंद केलं तर रक्तात आम्ल साचून मूल कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जातं. दुसरी, उरलेल्या इन्सुलिनची आणि सिरिंजची देवघेव. भारतात एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदीचं इन्सुलिन मिळतं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात २५ युनिट जातात. घेण्याआधी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघा.

मूल उलट्या करतंय, शुगर २५० च्या वर आहे आणि लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर साचणारी आम्लं) दिसतायत, किंवा रक्तातले कीटोन ३ च्या वर आहेत, तर दोन्ही गट बाजूला ठेवायचे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा अंदाज घेत बसू नका, १०८ ला फोन करा. खाणं जात नाही म्हणून बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसभर पुरणारं) इन्सुलिन थांबवायचं नाही, ही चूक दर पावसाळ्यात तापाच्या साथीत कुठल्या ना कुठल्या घरात होते.

लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयाने दहा ते सतरा वयोगटासाठी अशा ऑनलाइन गटबैठकांचा अभ्यास केला, तो मुलाच्या स्वतंत्र तपासणीच्या जोडीने, तिच्या जागी नव्हे. आपल्याकडेही हेच धरून चालावं. उंची, रक्तदाब, पाय, आणि वय अकराच्या पुढे आणि आजाराला दोन ते पाच वर्षं झालेली असली की डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडाची तपासणी), हे सगळं समोरासमोरच होतं. सुईच्या जागीची गाठसुद्धा. फोटोत त्वचा नितळ दिसते, बोटाने दाबल्यावर खाली घट्ट चकती लागते. त्या जागी टोचलेलं इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी जात नाही, आणि रिपोर्टवरची शुगर विनाकारण वरखाली होताना दिसते. ती जागा तीन महिने सोडून द्यायची. नव्या जागी पहिल्या दिवशी डोस किती कमी करायचा, ते टीमला विचारून.