पार्श्वभूमी : धान्याला ‘औषध’ लावायचं म्हणजे नेमकं काय?

मे महिन्यात गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरून गहू वाळत पडतो आणि घराघरांत ठरलेला प्रश्न निघतो : यंदा काय लावायचं? एरंडेल, बोरिक की गोळ्या?

पूर्वी बेगमीच्या जागा वेगळ्या होत्या. देशावर शेणाने लिंपलेल्या कणग्या आणि जमिनीतली पेवं, मराठवाड्यातल्या वाड्यांत बळद म्हणजे बंदिस्त धान्यकोठार, कोकणात भाताच्या पेंढ्याने आवळलेल्या मुड्या. यातलं पेव विसरण्यासारखं नाही. तोंड बंद केलं की धान्याच्या आणि किड्यांच्या श्वासाने आतला प्राणवायू संपतो, मग कीड जगत नाही. म्हणून पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय माणूसही आत उतरत नसे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठी पेवं अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती; २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली.

खरं वळण आलं ते साठच्या दशकातल्या टंचाईत. धान्य वाचवा म्हणून देशभर मोहीम निघाली आणि पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठ्या घरोघरी पोचाव्यात असा प्रयत्न झाला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ. रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, ज्यांनी खाल्ला, त्या पिढीला घरात वर्षाचा गहू असल्याशिवाय स्वस्थ झोप लागत नसे, आणि त्यात नवल काही नाही. भरलेला दाणा टिकवण्याची निकड तेव्हापासून वाढली आणि ‘औषध’ हा शब्द स्वयंपाकघरात रुळला.

सगळा घोळ या शब्दातच आहे. चार अगदी वेगळ्या वस्तूंना आपण हे एकच नाव देतो. पहिली एरंडेल. तळहाताला चोळून गव्हाला, तूरडाळीला लावतात; दाण्यावर पातळ थर बसतो आणि किडीची अंडी रुजत नाहीत. हे तेल रेचक म्हणून पोटातही घेतात. दुसरी बोरिक पावडर. तांदळाला सर्रास लावतात, आणि हीच पावडर कणीक-साखरेत मळून झुरळांसाठी गोळ्या करतात. अन्न टिकवण्यासाठी ती वापरायला आपल्याकडे परवानगी नाही. ‘धुतल्यावर जाते’ हे समर्थन नेहमी ऐकू येतं. तांदूळ निदान धुतला जातो. गहू मात्र बहुतेक घरांत तसाच गिरणीत जातो. त्याला लावलेलं बोरिक पिठात, पिठातून पोळीत. गव्हाला बोरिक लावू नये, यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

तिसऱ्या पाऱ्याच्या गोळ्या. फडक्यात बांधून डब्यात ठेवायच्या, पाऱ्याच्या वाफेने अंडी मरतात. पुरचुंडी सुटून गोळी फुटली तर पारा थेट धान्यात. चौथं औषध वायूचं. मोहिमेच्या काळात कोठीत इडीबीच्या (इथिलीन डायब्रोमाइड या कीडनाशकाच्या) काचेच्या कुप्या फोडायला शिकवलं गेलं. ते रसायन पुढे देशात बंदी घातलेल्यांच्या यादीत गेलं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गोदामांत प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली वापरण्यासाठी आहेत, घरासाठी नाहीत. हवेतल्या दमटपणाने त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत माणसं दगावतात. तरी त्याही ‘औषधाच्या गोळ्या’च.

या गदारोळात कोठीबरोबर आलेला मूळ धडा मागे पडला : दाणा कोरडा हवा आणि डबा हवाबंद. जुन्या बायका गव्हाचा दाणा दाताखाली धरून बघत. टक्कन फुटला तर वाळला, चेपला तर अजून एक ऊन. वाळलेला गहूही रात्रभर गार होऊ देत, कारण गरम दाणा डब्यात भरला की झाकणाला आतून घाम सुटतो. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवत नसत, तो तुटतो.

आता वन-बीएचकेत कोठीला जागा नाही. पाच किलोची पिशवी येते, रवा फ्रीजमध्ये जातो. तरीही वर्षाचा गहू भरणारी घरं आहेत, आणि तो निवडून घरपोच देणारेही आहेत. त्यांच्यातले काही ‘बिनऔषधाचा गहू’ असं लिहितात. त्यात बोरिक धरलं आहे की नाही, हे विचारूनच घ्यावं लागतं.