सुई टोचण्याआधी एक्स-रे मुंबईला पोहोचू दे

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखायला लागला की घरात फारसं कुणी घाबरत नाही. कबड्डीत मुका मार लागला असेल, वाढीचं वय आहे, असं म्हणून तेल चोळतात, नाहीतर हाडवैद्याकडे नेतात. बहुतेक वेळा दुखणं थांबतंही. पण रात्री झोपेतून उठवणारं, विश्रांती घेऊनही कमी न होणारं, आठवडेच्या आठवडे चालणारं दुखणं आणि जोडीला गुडघ्याच्या वर किंवा खाली सूज असेल, तर चोळणं बंद करून एक्स-रे काढायला हवा. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने याच वयात होतो, आणि तोही बहुतेकदा गुडघ्याजवळ. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक या वयात सर्वात जास्त वाढत असतात.

हाडातच सुरू होणारे कर्करोग एकूण कर्करोगांच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीत रोज मोडकी हाडं जुळवणाऱ्या अस्थितज्ज्ञाला असा रुग्ण अनेक वर्षांत एखादाच भेटतो. यात त्या डॉक्टरांचं काहीच उणं नाही. आजारच विरळ आहे. त्याचा अनुभव परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोजक्या रुग्णालयांत साठलेला आहे, आणि तिथे पोहोचायचं म्हणजे कोकणकन्येतली एक रात्र, मुंबईत राहण्याची सोय आणि सोबत येणाऱ्या माणसाची बुडणारी मजुरी.

टेलिमेडिसिन, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेणं, ही अडचण बरीच हलकी करू शकतं. ते या आजारात विशेष उपयोगी का, याचं उत्तर एक्स-रेमध्ये आहे. इतर अनेक कर्करोगांत साधा एक्स-रे फारसं सांगत नाही. हाडाच्या गाठीत तो पुष्कळ बोलतो. रुग्णाचं वय काय, गाठ हाडाच्या टोकाला आहे की मधल्या दांड्यात, तिची कड रेखीव आहे की आसपासच्या हाडात विरून गेलेली, हाडावरचं आवरण उचललं गेलंय का, कडेला नारळाच्या शेंडीसारखे तंतू बाहेर फुटलेत का, एवढ्या गोष्टी पाहून जाणकार डॉक्टर बराच अंदाज बांधतात. निरुपद्रवी गाठ असेल तर मुंबईची फेरीच वाचते. संशय असेल तर पुढची पायरी ठरते, आणि खरा धोका त्या पायरीवरच असतो.

ती पायरी म्हणजे बायोप्सी, गाठीचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढणं. सुई ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. म्हणून पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही गाठीबरोबर काढून टाकावी लागते. वाट चुकीच्या जागी असली, किंवा पायाच्या लांबीत घ्यायचा छेद आडवा घेतला, तर वाचू शकणारा पाय गमवावा लागू शकतो. युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या एका कर्करोगात तर ताप येऊ शकतो, सूज गरम लागते, आणि हाडाला पू झालाय असं समजून कुणी भाबडेपणाने चिरा देतं. अमेरिकेत हेन्री मॅनकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ५९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायोप्सी उपचार-केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात झाली असेल, तर चुका आणि गुंतागुंती दोन ते बारा पटींनी जास्त आढळल्या. जो सर्जन गाठ काढणार, त्यानेच बायोप्सीची जागा ठरवावी, हा नियम म्हणूनच आहे. माझ्या मते टेलिमेडिसिनचं सर्वात मोठं काम हेच: सुई टोचण्याआधी तज्ज्ञाची नजर पोहोचवणं.

पण ती नजर पोहोचायची तर चित्र नीट हवं. खिडकीच्या काचेवर फिल्म धरून मोबाइलने काढलेल्या फोटोत कडांचा बारकावा हरवतो. एक्स-रे केंद्राकडून मूळ डायकॉम फाइल, म्हणजे यंत्रातली सगळ्या बारकाव्यांसह असलेली डिजिटल प्रत, मागून घ्यावी. एक्स-रे समोरून आणि बाजूने असा दोन्ही दिशांनी काढलेला असावा. एमआरआय बायोप्सीच्या आधी व्हावा आणि त्यात पूर्ण हाड दिसावं, कारण त्याच हाडात दूर दुसरी गाठ दडलेली असू शकते. अशा मोठ्या फाइली गावातून पाठवताना रेंज शोधत सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ-पठारावर, चढायची वेळ येते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्या तालुक्याच्या ठिकाणाहूनच पाठवलेल्या बऱ्या.

भारतात २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. रुग्ण आणि डॉक्टर यांच्याप्रमाणेच डॉक्टर आणि डॉक्टर यांच्यातल्या सल्ल्यालाही त्यांत जागा आहे, आणि हाडाच्या गाठीसाठी मला तोच मार्ग खरा वाटतो. रुग्ण गावच्या डॉक्टरसमोर बसलेला, तज्ज्ञ पडद्यावर. गाठ घट्ट आहे का, कातडी तिच्यावर सरकते का, पाऊल गरम आहे का, हे हाताने पाहायचं असतं. तो हात गावच्या डॉक्टरचा.

उपचारानंतर तर टेलिमेडिसिनचा उपयोग वर्षानुवर्षं राहतो. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी लागते, कारण हा रोग परतला तर बहुतेकदा फुप्फुसात दिसतो. छातीचा आणि पायाचा एक्स-रे रत्नागिरीत किंवा ओरोसला निघू शकतो. कृत्रिम सांधा बसवलेला मुलगा खुर्चीतून कसा उठतो, गुडघा किती वाकवतो, हे व्हिडिओवर दिसतं. तरी सगळ्याच भेटी पडद्यावर उरकू नयेत. शस्त्रक्रियेच्या जागी नव्याने आलेली छोटी गाठ बोटांनाच कळते.

दोन ठिकाणी मात्र फोनवर विसंबून चालत नाही. केमोथेरपीनंतर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर व्हिडिओची वेळ ठरवत न बसता त्याच तासाला जवळचं रुग्णालय गाठायचं, तज्ज्ञाला फोन वाटेत करायचा. दुसरं, हाडाच्या असह्य वेदनेवरचं मॉर्फीन. मादक वर्गातली औषधं टेलिमेडिसिनवर लिहून देता येत नाहीत. त्यासाठी रुग्णाला प्रत्यक्ष तपासणारा डॉक्टर लागतो. तेव्हा वेदना वाढल्या तर ते औषध जवळपास कोण लिहून देईल आणि कुठे मिळेल, हे पहिल्याच सल्ल्यात विचारून ठेवावं.